ठेवलेलं प्रस्थान

पत्र्यांचा आवाज झाला तेव्हा मी घडियाळी पोळेच्या, म्हणजे त्या नावाच्या गल्लीच्या, तोंडाशी चष्मेवाल्याच्या फळीवर बसून चष्म्याची काडी बसवून घेत होतो. आवाज फार मोठा नव्हता. हातगाडीवर रचलेले पत्रे दोरी सुटून घसरले की होतो तसा. बडोद्यात त्या वर्षी जो तो कौलं काढून पत्रे घालायच्या मागे लागला होता, त्यामुळे तो आवाज कानाला नवा राहिला नव्हता. चष्मेवाला मान वर न करता म्हणाला, पडलं कुणाचं तरी. मग त्यानं काचांवर फुंकर मारली, धोतराच्या सोग्यानं त्या पुसल्या आणि चष्मा आपल्या हातानं माझ्या नाकावर चढवला. हे मी मुद्दाम सांगतो आहे. कारण पुढच्या आठ दिवसांत मी माझी कितीदा तरी समजूत घालून पाहिली, की त्या वेळी माझ्या डोळ्यांवर चष्मा नव्हता, मला धड दिसत नव्हतं. चष्मा होता आणि काडीसुद्धा नीट बसली होती.

माझ्यापासून चार पावलांवर एक माणूस रस्त्यात पाय लांब करून बसला होता. वयानं माझ्याएवढाच, तिशीचा, अंगात बंडी, डोक्याला फडकं. पत्र्याची कड त्याच्या पोटरीत आडवी शिरली होती आणि पत्रा आता बाजूला निमूट पडला होता. तो माणूस ओरडत नव्हता. शेजाऱ्याच्या अंगणात काय चाललंय ते पाहावं तसा तो स्वतःच्या पायाकडे पाहत होता. रक्त वाहत नव्हतं, उसळत होतं. थोडं थांबायचं, पुन्हा उसळायचं. आणि मला, खरं तेच सांगतो, आधी आनंद झाला. हे मला येतं, असा आनंद. मी उभा राहिलो आणि मनात म्हणायला लागलो: रक्त उसळून येत असेल तर धमनी तुटली असं समजावं. जखमेच्या वर, काळजाच्या बाजूला दाब द्यावा. रुमालाची घडी करून बांधावी, गाठीत काठी अडकवून पिळावी, वेळ टिपून ठेवावी, दर पंधरा मिनिटांनी बंध सैल करून पाहावा. माझ्या खिशात धुतलेला रुमाल होता. वरच्या खिशात पेन्सिल होती. मनगटावर घड्याळ होतं. म्हणजे तयारीत काही म्हणता काही कमी नव्हतं. मी शेवटपर्यंत म्हणून झालो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. त्या माणसानं मान वर केली आणि इतक्या लोकांतून नेमकं माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात समोरचा साखरेचा व्यापारी दुकानातून उडी मारून उतरला आणि त्यानं गोण शिवायची सुतळी त्याच्या गुडघ्याखाली करकचून आवळली, एकावर एक अशा पाच-सहा गाठी मारल्या आणि पायरीवर बसून स्वतःच रडायला लागला.

आमच्या अखाड्यात मी प्रथमोपचाराचा वर्ग घेत असे. दर रविवारी सकाळी, जोर-बैठका आटोपल्या की, पंचवीस-तीस पहिलवान लाल मातीतून उठून माझ्यासमोर बसायचे. निम्मे जखमी व्हायचे, निम्मे वाचवणारे. जखमा मी रंगवत असे, कुंकवाच्या पाण्यानं. माझा हात चांगला होता, कारण बांधकाम खात्यात दिवसभर दुसऱ्यांनी काढलेले नकाशे पातळ कागदावर उतरवून काढायचं हेच माझं काम. मुंबईला जाऊन मी त्या विषयाची परीक्षा दिली होती. तिथंही जखमा रंगवलेल्याच होत्या, फक्त रंग जरा बरा होता. माझ्या वर्गाचा एक नियम होता, आणि तो मीच काढला होता: आधी म्हणायचं, मग करायचं. सगळी कृती तोंडानं बिनचूक म्हटल्याशिवाय मी कुणाला पट्टीला हात लावू देत नसे. घाईनं माणूस चुकतो, असं माझं म्हणणं होतं. पहिलवानांचं पाठांतर कच्चं. ते घाम गाळत म्हणायचे आणि खाली पडलेला जखमी कंटाळून घोरायला लागायचा, मग सगळे हसायचे. त्या हसण्यात मीही असायचो. इतकी वर्षं मी माणसांना पाठांतर शिकवत होतो आणि त्याला सेवा म्हणत होतो, हे मला घडियाळी पोळेच्या तोंडाशी कळलं, आणि कळूनही माझे ओठच फक्त हलत राहिले.

पुढचं तर सांगवत नाही. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, “पेला चीनवाळा मास्तर पासे लई जाओ. दांडिया बाजारना अखाडामां होय छे.” ज्यांच्याकडे न्या म्हणत होते ते ‘चीनवाले मास्तर’ म्हणजे मी. चार दिवसांपूर्वी मुंबईच्या समितीचं पत्र आलं होतं. जपान्यांच्या बाँबखाली सापडलेल्या चिनी लोकांच्या शुश्रूषेसाठी डॉक्टरांबरोबर जे स्वयंसेवक जाणार होते, त्यांत माझी निवड झाली होती. ही बातमी पोळापोळांतून पसरली होती. नाव पसरलं होतं, तोंड पसरलं नव्हतं. त्या लोकांनी त्या माणसाला त्याच्याच हातगाडीवर घातलं आणि मला शोधायला ती गाडी माझ्या अंगावरून ढकलत नेली. मी वाट करून दिली. चाक माझ्या पायाला चाटून गेलं, गाडीची कड बाहीला. तो गाडीवर उताणा होता आणि मान वळवून माझ्याकडेच पाहत होता. तो मास्तर मीच, एवढे तीन शब्द. ते माझ्या तोंडून का निघाले नाहीत याचं उत्तर मी पुष्कळ शोधलं. भीती म्हणावी तर मला रक्ताची भीती वाटली नव्हती. मला वाटतं, पहिल्या क्षणी गप्प राहिलो म्हणून दुसऱ्या क्षणी बोलणं कठीण झालं, आणि दुसऱ्या क्षणी गप्प राहिलो म्हणून तिसऱ्या. असं ते साधं होतं.

मी घरी गेलो नाही. सूरसागराला एक फेरा घातला, मग दुसरा घातला. तलावाच्या कठड्यावर बसून कुणी माशांना कणकेच्या गोळ्या टाकत होतं, ते मी पाहत राहिलो. मला मनातून वाटत होतं की आता दवाखान्यात नेलं असेल, पाऊण मैलाचा तर रस्ता. त्यांनी नेलं नव्हतं. अखाड्याच्या ओट्यावर त्याला निजवून ते माझी वाट पाहत बसले होते. पहिलवानांना शिकवणाऱ्या उस्तादांनी हळद दाबली, पण सुतळीला हात लावू दिला नाही. म्हणाले, हे मास्तरांचं काम, त्यांना येऊ द्या. एक माणूस आमच्या घरी धावत गेला, आईनं सांगितलं चष्मा दुरुस्तीला गेलाय घडियाळी पोळेकडे. तो तिकडे धावला, चष्मेवाला म्हणाला आत्ताच गेले. असा सव्वा तास गेला. शेवटी अखाड्याचे अध्यक्ष जगदेवराव, निवृत्त वहिवाटदार, म्हणजे मामलेदार, बाहेरून आले आणि त्यांनी टांगा बोलावला. टांगा मिळून दवाखान्यात डॉक्टर येईतो, म्हणजे सुतळी बांधल्यापासून सोडेपर्यंत, दोन तासांच्या वर वेळ गेला होता. ती दर पंधरा मिनिटांनी सैल करायची असते, हे त्या जागेत प्रत्येकाला तोंडपाठ होतं. मीच पाठ करून घेतलं होतं.

संध्याकाळी घरी हे सगळं मला जगदेवरावांनीच सांगितलं, आणि वर हळहळले, की मास्तर, तुमची चुकामूक झाली हो. मी मान हलवली. आमचे आबासाहेब, म्हणजे वडील दत्ताजीराव, खुर्चीत ताठ बसून ऐकत होते. त्यांनी बत्तीस वर्षं शिलेदारी केली. शिलेदारी म्हणजे ठरल्या दिवशी घोडा घेऊन जायचं, नाव पुकारलं की हजर म्हणायचं आणि घोडा घेऊन परत यायचं. दसऱ्याला सवारीत चालायचं. आजोबांनीही तेच केलं. आमच्या घरात तीन तलवारी आहेत आणि त्यांतल्या एकीनंही, आईनं एकदा कोहळा कापला तेवढं सोडलं तर, काही कापलेलं नाही. आबासाहेबांना ह्याची खंत होती. ती ते बोलून दाखवत नसत, पण मुंबईचं पत्र आलं तेव्हा त्यांनी ते तीनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, “आपल्या घराण्यातला खऱ्या रणावर जाणारा तू पहिला. तिथं नुसतं हजर म्हणून भागायचं नाही.” समुद्र ओलांडायचा म्हणून आई कुरकुरली, तर महाराज इतक्यांदा विलायतेला जाऊन आले ते दिसत नाही का, म्हणून त्यांनी तिला गप्प केलं. खात्यातून माझी रजाही त्यांनीच चार ठिकाणी जोडे झिजवून मंजूर करून आणली.

आईचं, येसूबाईंचं, दुसरंच चाललं होतं. माझी गाडी पितृपक्षात पडत होती. पितृपक्षात घर सोडायचं नसतं, आणि इतक्या लांबच्या प्रवासाला तर नाहीच. मुंबईच्या समितीला हे कळवून उपयोग नव्हता; बोट काही आमच्या गुरुजींना विचारून सुटणार नव्हती. मग गुरुजींनी तोड काढली की प्रस्थान ठेवा. पक्ष लागायच्या आधी चांगल्या वेळेवर माझ्या सामानातलं काहीतरी घराबाहेर जाऊ द्यायचं, की माणूस निघाला असं धरलं जातं. मग दहा दिवसांत देह केव्हाही जाऊ दे. पत्रे पडायच्या आदल्याच दिवशी हे झालं होतं. आईनं मला ओवाळलं, तळहातावर दही घातलं, माझी कापडी पिशवी, तिच्यात एक धोतर, सदरा, सुपारी आणि हळकुंड, माझ्या हातात दिली, आणि मी ती चार घरं पलीकडे मथुराबाईंकडे नेऊन ठेवली. उंबऱ्याबाहेर पडल्यावर मागं बघू नकोस, असं तिनं बजावलं होतं. मी बघितलं नाही. मग पलीकडच्या गल्लीतून फिरून परसदारानं घरात आलो आणि जेवायला बसलो. त्या वेळी मला ह्याची गंमत वाटली होती. आता वाटेना. मी निघालेला होतो. ठेवलेलं प्रस्थान परत घरात आणणं म्हणजे घरात मरण बोलावणं, असं आई मानते. तिच्या माहेरी कुणीसं आणलं होतं, त्याची हकीगत ती कुजबुजत सांगते. मला परतायचं तर तिच्या डोळ्यांसमोर ती पिशवी उचलून आणावी लागणार होती.

रात्र झाली की झोप येत नाही अशातला मी नाही; मला झोप लागायची. त्रास व्हायचा तो दिवसा, कचेरीत, पातळ कागदावर दुसऱ्याची रेघ गिरवताना. मी स्वतःला विचारायचो की तुला चीनलाच का जायचं होतं. एक चित्र होतं, वर्तमानपत्रातलं. एक म्हातारी, डोक्यावर गाठोडं, मागं घराचा नुसता दरवाजा उभा, भिंती नाहीत. ते मी कापून माझ्या मेजाच्या खणात ठेवलं होतं आणि वर्षभर रोज पाहत होतो. तिच्यासाठी माझा जीव तुटायचा, हे खोटं नाही. तिच्या पायाला फोड आले असतील इथपर्यंत मी विचार करायचो. पण गेल्या वर्षी आमच्याच खात्यातला हिंमतराव क्षयानं खोकत पडला होता, त्याच्याकडे मी दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा दारातूनच चौकशी करून परत फिरलो. त्याच्या खोलीत जाऊन बसलं की तो हात धरायचा आणि सोडायचा नाही. चित्रातली म्हातारी हात धरत नव्हती. ती कॅमेऱ्याकडेसुद्धा पाहत नव्हती, कुठेतरी बाजूला पाहत होती. मला वाटतं, लांबच्या माणसाचं दुःख मला त्याचसाठी आवडत होतं, की ते आपल्याकडे बघत नाही. ह्या माणसानं बघितलं होतं.

माझी बायको मंदाकिनी फारसं बोलणारी नाही. तिसऱ्या दिवशी ती माझे कपडे दोरीवरून काढून घड्या घालत होती. अखाड्यातून बातमी आली होती की त्या हातगाडीवाल्याचा, गोविंद त्याचं नाव, पाय काळा पडला आणि डॉक्टरांनी आज गुडघ्याखाली कापून टाकला. आई चुकचुकली आणि म्हणाली, आमचा सुभान असता तर वाचला असता हो पाय. असं तेव्हा सगळं गाव म्हणत होतं. मास्तर असते तर. मी नसल्यानं माझी किंमत इतकी वाढली होती की असून कधी वाढली नव्हती. आई आत गेल्यावर मंदाकिनी माझ्या सदऱ्याची बाही सरळ करत म्हणाली,

“ह्या बाहीवर रक्त होतं. त्या दिवशी संध्याकाळी धुतलं मी.”

मी दोरीवरचं धोतर काढून तिच्या हातात दिलं.

“तुम्ही तिथं होता ना?”

“होतो.”

तिनं सदऱ्याची घडी पुरी केली, दुसरा उचलला. मला वाटलं आता ती रडेल, नाहीतर संतापेल, आणि दोन्हींपैकी काही झालं असतं तर मला फार बरं वाटलं असतं. ती खरोखरच कळून घ्यायचं असल्यासारखी म्हणाली, “मग तिकडं जाऊन तुम्ही काय करणार?” तिच्या विचारण्यात टोमणा नव्हता. कोणत्या गाडीनं जाणार, जेवायला काय मिळतं, हे तिनं असंच विचारलं होतं. मी म्हणालो, बघू. तिनं मान डोलावली आणि घड्यांची चवड उचलून कपाटात ठेवली. त्या दिवसापासून ती माझ्याशी जास्त मायेनं वागायला लागली आणि ते मला सोसेना.

निघायच्या आदल्या दिवशी अखाड्यात निरोपाची सभा होती. मी मनाशी ठरवलं होतं की इथं सांगून टाकायचं. चारशे माणसांसमोर सांगितलं की मुंबईला कळवावंच लागेल, प्रस्थान आपोआप मोडेल, आबासाहेब जे काय म्हणायचं ते म्हणतील, पण सुटका होईल. मंडप घातला होता. मातीवर सतरंज्या, कोपऱ्यात मुद्गल रचून ठेवलेले, आणि ज्या ओट्यावर गोविंदला निजवलं होतं त्याच ओट्यावर माझी खुर्ची. ओटा गेरूनं सारवला होता. जगदेवराव बोलायला उभे राहिले आणि त्यांनी त्या दिवसाचीच गोष्ट काढली. मास्तर त्या दिवशी चार मिनिटांनी चुकले आणि एका गरिबाचा पाय गेला. यावरून ह्या विद्येचं मोल ओळखा, असं त्यांचं सांगणं. मी उठलो. गळ्यात हार होता तो काढून ठेवला. माझा आवाज नीट येत होता, याचं मला आश्चर्य वाटलं. मी म्हणालो, “माझी चुकामूक झाली नव्हती. मी तिथंच उभा होतो. चार पावलांवर. मला सगळं येत होतं आणि माझा हात उठला नाही.”

मी पुढच्या रांगेतल्या तोंडांकडे पाहिलं. साखरेचा व्यापारी होता, गाडी ढकलणाऱ्यांतले दोघे होते, उस्ताद होते. माझं खरं मानायचं तर त्यांनी त्या माणसाला माझ्या नाकासमोरून उचलून मलाच शोधायला नेलं होतं आणि सव्वा तास बांधून ठेवला होता. ते कसं मानतील. त्यांच्या चेहऱ्यांवर मला दिसलं की ते मानणार नाहीत. जगदेवरावांनी पुढे होऊन माझा खांदा धरला, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते सभेला म्हणाले, बघा, ह्या माणसाला किती लागून राहिलंय. जो अपराध केला नाही तो अंगावर घेतोय. अशीच माणसं परमुलखात दुसऱ्यासाठी जाऊ शकतात. टाळ्या सुरू झाल्या. व्यापारी पुन्हा रडायला लागला. मी म्हणत होतो की तसं नाही, ऐका, तसं नाही. ते कुणाला ऐकू गेलं नाही, आणि हार पुन्हा गळ्यात आला. आबासाहेब मागच्या खांबाशी उभे होते. त्यांनी मात्र टाळी वाजवली नाही. घरी येताना ते पुढे चालले. दाराशी आल्यावर माझ्याकडे न पाहता म्हणाले, “आता गाडीत बस म्हणजे झालं.” त्यांना सगळं कळलं होतं, आणि तरी मी जावं असं त्यांना वाटत होतं. नुसतं हजर म्हणायला.

गाडी दुपारी एकची होती. सकाळी नऊ वाजता मी घरातून बाहेर पडलो. मला कुणी अडवलं नाही. त्यांच्या लेखी मी आठ दिवसांपूर्वीच निघालेलो होतो. मंदाकिनीनं फक्त विचारलं, परत इकडं येणार का परस्पर स्टेशनवर. मी म्हणालो, परस्पर. मथुराबाईंकडून पिशवी घेतली, उंबऱ्यावर मागं न बघता चाललो, आणि टांगेवाल्याला दवाखान्यात घे म्हणालो. माझं गणित असं होतं की ज्याचा पाय गेला आणि ज्यानं मला तिथं नुसतं उभं राहिलेलं पाहिलं, असा एकच माणूस आहे. तो शिव्या देईल. त्याच्या शिव्या खाऊन मग बोटीवर चढलो तर कदाचित चढता येईल. म्हणजे तिथंही मी त्याच्यासाठी चाललो नव्हतो.

वॉर्डात फिनेलचा वास होता. खिडकीखालच्या खाटेवर तो उशीला टेकून बसला होता, दाढी वाढलेली, तोंड उतरलेलं, पण घडियाळी पोळेत दिसलं त्यापेक्षा लहान. त्याची बायको खाली फरशीवर बसली होती. मला पाहून तिनं डोक्यावरून पदर ओढला आणि पाण्याचा लोटा घेऊन बाहेर गेली. पांघरुणाखाली एक पाय पावलापर्यंत होता आणि दुसरा गुडघ्याच्या जरा खाली संपत होता, तिथून पुढे पांघरूण सपाट. मी स्टूल ओढून बसलो. पिशवी मांडीवर ठेवली. गोविंदनं दांडिया बाजारात वर्षानुवर्षं माल पोचवला होता, त्याला आमची भाषा येत होती, आपल्या पद्धतीनं.

“तुम्ही चश्मावाळे साहेब ने,” तो म्हणाला. “तिथं उभे होता.”

“हो.”

“हूं तुमच्याकडेच बघत होतो. मला लाग्युं, ह्या साहेबाला खबर आहे काय करायचं ते. तोंड हलत होतं तुमचं.”

“खबर होती,” मी म्हणालो. “मीच तो मास्तर. तुला ज्याच्याकडे नेलं तो.”

तो बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मी खाली पाहिलं नाही. एवढं एक मला त्या आठ दिवसांत जमलं. मी त्याला सगळं सांगितलं. सुतळी सैल करायची असते हे सांगितलं, ती मी सैल करू शकलो असतो हेही सांगितलं, सूरसागराचे दोन फेरे सांगितले. मी शिव्यांची वाट पाहत होतो. त्यानं डोळे मिटून घेतले. त्याच्या तोंडावर राग नव्हता, काहीतरी दुसरंच होतं, अंगात कुठेतरी चाललेली कटकट असते तसं. मला वाटलं त्यानं ऐकलंच नाही. मग तो डोळे न उघडता म्हणाला,

“साहेब, एक काम कराल?”

“सांग.”

“पग खाजतोय.”

मी त्याच्या पायाकडे हात नेला. तो मानेनं नको म्हणाला. “आ नही. पेलो. नथी ने, तो.” आणि मग जरा ओशाळून सांगायला लागला, की तो कापलेला पाय दिवसरात्र खाजतो, अंगठ्याच्या बाजूला. बायकोला सांगितलं तर ती रडते. नर्सबाई म्हणतात मनातून काढून टाक. डॉक्टरसाहेब म्हणाले जाईल हळूहळू. कुणी हात लावत नाही. लावतील कुठे, असं म्हणून तो हसला, आणि हसताना त्याच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी खाली आलं.

ह्यासाठी माझ्याजवळ पाठ केलेलं काही नव्हतं. मी पिशवी खाली ठेवली, स्टूल खाटेच्या पायथ्याशी सरकवलं, आणि जिथं पांघरूण सपाट होतं तिथं, गुडघ्यापासून अंदाजानं हातभर खाली, गादीवर बोटं टेकवली आणि खाजवायला लागलो. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा मान वळवून पाहत होता. मला अतिशय लाज वाटली आणि मी खाजवत राहिलो. गोविंद म्हणाला, जरा खाली. मी खाली सरकलो. म्हणाला, अंगठ्याकडे. अंगठा कुठे असेल ते मी दुसऱ्या पायावरून पाहून घेतलं आणि तिथं खाजवलं. त्याचा श्वास हळूहळू लांब व्हायला लागला. त्याला खरंच बरं वाटत होतं की तो माझ्यावर दया करत होता, हे मला कळायला मार्ग नव्हता. हात थांबवला की त्याचं कपाळ आक्रसायचं. बायको पाणी घेऊन आली, दारातच थबकली आणि तिथंच खाली बसली. बाहेर टांगेवाला घोड्याला पाणी दाखवत होता. नंतर केव्हातरी तो आत डोकावून विचारून गेला की साहेब, स्टेशनवर यायचं ना, मंडळी हार घेऊन निघाली म्हणतात. भिंतीवरच्या घड्याळात तेव्हा साडेबारा झाले होते.

गोविंदनं डोळे उघडले. माझ्या पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“साहेब, तुम्हाला मोडुं थतं असेल,” तो म्हणाला. “उशीर.”

“नाही,” मी म्हणालो.

“मग थोडं डावीकडं,” तो म्हणाला, आणि त्यानं पुन्हा डोळे मिटले.